‘नवा फिल्टर टाकूनही बोट भर पाण्यात बंद पडली’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एक स्टार आणि त्याखालचा मजकूर नीट वाचला. तक्रार थोडक्यात अशी: आम्ही दोन्ही डिझेल फिल्टर बदलले, पैसे घेतले, आणि तरी पहिल्याच मोठ्या लाटांत इंजिन बंद पडलं. सोबतच्या दुसऱ्या मेकॅनिकने एअर (डिझेलच्या नळीत अडकलेली हवा) काढली, इंजिन चालू झालं. म्हणजे ‘नुसती एअर होती’ आणि टाकी साफ करण्याचा आमचा सल्ला म्हणजे बिल फुगवणं. शिवाय तुम्ही फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) बदलायला सांगत होतात, तो आम्ही बदलला नाही.

लाटांत इंजिन गेलं की माणसाची काय अवस्था होते हे आम्हाला माहीत आहे, त्यामुळे तुमच्या रागाबद्दल काही म्हणायचं नाही. निदानाबद्दल मात्र म्हणायचं आहे, कारण हाच त्रास असलेले आणखी लोक हे वाचतील आणि उगाच पंप बदलत बसतील.

तुम्ही बोट आणलीत तेव्हाची लक्षणं अशी होती. सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन चालू, न्यूट्रलमध्ये ठणठणीत, गिअर टाकून रेस वाढवली की थोड्या वेळाने आरपीएम खाली-वर व्हायचा आणि इंजिन दम टाकायचं. काळा धूर नव्हता, हे तुम्हीही लिहिलं आहे. ही खूण महत्त्वाची. काळा धूर असता तर आम्ही आधी हवेचा फिल्टर आणि पंख्यात अडकलेलं जाळं-दोर बघितलं असतं. धूर न करता इंजिन मान टाकतं तेव्हा त्याला डिझेल पुरत नसतं.

मग पहिलं काम केलं ते डब्याचं. बोटीची टाकी पूर्ण बाजूला ठेवली आणि स्वच्छ डिझेलच्या डब्यातून इंजिन चालवलं. रिटर्नचा, म्हणजे इंजिनाकडून उरलेलं डिझेल परत आणणारा पाइपही त्याच डब्यात. डबा मुद्दाम टाकीच्याच उंचीला ठेवला होता. तो वर टांगला तर डिझेल आपोआप उतरतं आणि कमजोर पंपही पास होतो. जेट्टीला पक्की बांधून, गिअरमध्ये, लोडवर बराच वेळ चालवलं. तुम्ही शेजारीच उभे होतात. आरपीएम हलला नाही. ऑइलची पट्टी काढून वासही घेतला. फीड पंपाचा पडदा फाटला की डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी चढते. तसं काही नव्हतं. जो पंप डब्यातून लोडवर इंजिन ओढतो, तो टाकीवर जोडल्यावर खराब कसा होईल? तो बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बिल आमचंच वाढलं असतं, दोष तिथेच राहिला असता.

त्यानंतर फिल्टर बदलून लाइन पुन्हा टाकीवर घेतली. पाणी वेगळं करणारा पहिला फिल्टर आणि फीड पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा तुकडा आणि व्हॅक्युम गेज (नळीतली ओढ मोजणारा काटा) बसवला. लाइन कुठे हवा ओढत असेल तर नळीत बुडबुडे दिसतात. (ओढीच्या बाजूला डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, म्हणून ‘कुठेच लीक दिसत नाही’ याला फारसा अर्थ नसतो.) बुडबुडा नव्हता. पण गेजचा काटा मात्र नवा कोरा फिल्टर असूनही हळूहळू चढत गेला. म्हणजे अडथळा फिल्टरच्याही अलीकडे, टाकीच्या बाजूला. डिझेल भरायचं झाकण उघडून पाहिलं, काटा तसाच. म्हणजे टाकीची हवा खेचायची नळी तुंबलेली नव्हती. इंजिन बंद केलं, काटा शून्यावर आला. परत चालू केलं तर सगळं छान, आणि काही वेळाने तेच.

हा प्रकार ओळखीचा आहे. टाकीत खाली पोचणाऱ्या ओढनळीच्या तोंडाशी एखादा गाळाचा पापुद्रा येऊन चिकटतो. ओढ आहे तोवर चिकटलेला, इंजिन बंद झालं की सुटून खाली. मोरीच्या जाळीवर वाहत्या पाण्याने पान बसावं तसा. म्हणून इंजिन बंद पडतं, थोडा वेळ गेला की पुन्हा चालू होतं, आणि सगळ्यांना वाटतं की आपण जे केलं त्यानेच चाललं.

जुना फिल्टर आम्ही कापून तुमच्या हातात दिला, त्याला तुम्ही ‘घाण दाखवून घाबरवलं’ म्हणालात. त्याच्या घड्यांमध्ये गंज नव्हता, काळा बुळबुळीत थर होता. बोटाने ओढला तर तार यायची. डिझेलपेक्षा पाणी जड, ते टाकीच्या तळाशी बसतं, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जंतू आणि बुरशी वाढतात. राहतात पाण्यात, खातात डिझेल. हे पाणी झाकणाच्या झिजलेल्या रबरी रिंगमधून येतं, किंवा अर्धी रिकामी टाकी महिनोन्‌महिने उभी राहिली की आतल्या दमट हवेतून जमतं. जेट्टीला हा थर तळाशी शांत पडून असतो. लाटांत टाकी ढवळली की उठतो. तुमचं इंजिन नेमकं त्याच दिवशी का गेलं, याचं उत्तर हेच.

आता एअरबद्दल. दुसऱ्या मेकॅनिकने एअर काढली हे बरोबरच केलं, त्या वेळी दुसरा इलाज नव्हता. पण एअर आली कुठून? टाकीकडचा रस्ता बंद आणि पंप ओढतोच आहे, अशा वेळी लाइनमधली ओढ इतकी वाढते की एरवी घट्ट असलेला जोडही हवा घेतो. आमच्या टेस्टमध्ये बुडबुडा नव्हता, कारण आम्ही ती इतकी ताणली नव्हती. एअर काढल्याने इंजिन चालू होतं, पापुद्रा टाकीतच राहतो.

एक गोष्ट तुमच्या मजकुरात वाचून काळजी वाटली. एअर काढताना ‘बराच वेळ सेल्फ मारला’ असं लिहिलंय. त्या वेळी इंजिन थंड ठेवायला आत येणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद केला होता का? इंजिन पेटत नसताना सेल्फवर पाण्याचा पंप फिरतो, पण ते पाणी बाहेर ढकलायला एक्झॉस्टचा जोर नसतो. सायलेन्सरचा डबा भरतो आणि पाणी मागे सिलिंडरमध्ये येऊ शकतं. आज ऑइलची पट्टी बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर सेल्फ मारू नका, आधी फोन करा. पुढच्या वेळी कॉक बंद ठेवून सेल्फ मारा, आणि इंजिनाने पेट घेतला की त्याच क्षणी उघडा, नाहीतर पंपाचं रबर जळेल.

टाकीचा सल्ला आम्ही ऐनवेळी काढला नव्हता. ‘ओढनळी उलटी हवा मारून तात्पुरती मोकळी केली, टाकी उघडून साफ करणे आवश्यक, तोवर मोठ्या लाटांत जाऊ नये’ हे जॉब शीटवर आहे, खाली तुमची सही आहे. साफसफाई आमच्याकडेच करा असा आग्रह तेव्हाही नव्हता, आजही नाही. जो कोणी करेल, त्याला तपासणीचं झाकण उघडून हाताने तळ पुसायला सांगा. नुसतं डिझेल फिरवून गाळलं तर कोपऱ्यातला थर तसाच राहतो.

आणि जंतुनाशक औषध टाकीत ओतल्याचं तुम्ही शेवटी लिहिलंय. औषध जंतू मारतं, थर विरघळवत नाही. मेलेला थर आता सुटून येईल आणि फिल्टर आधीपेक्षा लवकर भरतील. टाकी साफ होईपर्यंत दोन्ही फिल्टरचा जादा संच आणि ते बदलायचा पाना बोटीवर ठेवा, आणि पहिल्या फिल्टरच्या तळाची वाटी रोज निथळून बघा.

आमच्याकडे येणार असाल तर टाकी फुल करून आणू नका, आहे ते डिझेल आधी वापरून कमी करा. उरलेलं आम्हाला उपसूनच काढावं लागणार आहे.