तिकिटावरून भांडण

आमच्या पुण्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर जुंपली ती मामाच्या एका वाक्यावरून : "तिकीट काढून गेला, त्यात एवढं काय?" विषय हवाई दलाचे अंतराळवीर शुभांशू शुक्ला. जून 2025 मध्ये ॲक्सिअम-4 या खासगी अमेरिकी मोहिमेतून ते अंतराळ स्थानकावर गेले, तिथे 18 दिवस राहिले. त्या जागेसाठी भारताने सुमारे 550 कोटी रुपये मोजल्याच्या बातम्या होत्या. मावशीचं उत्तर तयारच : "एनडीएचा मुलगा आहे, म्हणजे आपलाच." अंतराळात गेलेले पहिले भारतीय राकेश शर्माही 1966 मध्ये खडकवासल्याच्या याच संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले होते, तेव्हा उत्तमनगरच्या पुढचं ते गेट थेट अवकाशात उघडतं, असा तिचा ठाम समज. (शर्मांचं जन्मगाव पतियाळा, शुक्लांचं लखनौ; त्यांनी मग काय करायचं, हे विचारायची सोय नाही.)

मी ह्यूस्टनला राहतो. इथे तिकिटाचं कुणाला काही वाटत नाही. 2011 मध्ये नासाचं स्पेस शटल हे यान बंद झालं, तेव्हापासून 2020 पर्यंत अमेरिकेचे अंतराळवीर रशियाच्या सोयुझमधूनच जात होते. शेवटी शेवटी एका सीटचा भाव 9 कोटी डॉलरच्या घरात गेला होता. त्यांना कोणी पाहुणे म्हटलं नाही.

मला खुपतं ते वेगळंच. जॉन यंग हे अमेरिकी नौदलातले टेस्ट पायलट. 1965 ते 1983 या काळात सहा वेळा अंतराळात गेले, एकदा चंद्रावर उतरले, पहिलं शटल त्यांनीच नेलं आणि नासातून निवृत्त झाले ते थेट 2004 मध्ये. जाऊन आलेल्या माणसाला इथे मोकळं सोडत नाहीत. मिशन कंट्रोलमध्ये वरच्यांशी हेडसेटवर बोलायला वर्षानुवर्षं बहुधा अंतराळवीरच बसवत आले, कारण वरच्याची अडचण त्याला फोड करून सांगावी लागत नाही.

आता शर्मा बघा. 1971 च्या युद्धात मिग-21 ची 21 उड्डाणं. एप्रिल 1984 मध्ये, पस्तिशीत, सॅल्यूत-7 या सोव्हिएत स्थानकाच्या मोहिमेत जेमतेम आठ दिवस. मग पुन्हा हवाई दल, 1987 पासून एचएएल ही विमानं बनवणारी सरकारी कंपनी, नाशिकजवळ ओझरला विमानांच्या चाचण्या, नंतर बंगळुरू, 2001 मध्ये निवृत्ती. टेस्ट पायलटचं काम जिवावरचं, त्याला कमी लेखायचं कारणच नाही. पण अंतराळात जे शिकले ते वापरायला आपल्याकडे यानच नव्हतं. दुसरा भारतीय हवाई दलाचा माणूस वर जायला 41 वर्षं गेली.

शुक्ला गगनयान या भारताच्या स्वतःच्या मानवी मोहिमेच्या चमूतले आहेत, म्हणून त्यांचं तिकीट मला महाग वाटत नाही. आपल्या यानातून आपली माणसं 2022 पर्यंत जातील, असं 2018 च्या पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जाहीर झालं होतं. ती मुदत केव्हाच उलटली. 550 कोटींवर मामा-मावशी आठवडाभर भांडले. या तारखेबद्दल दोघांपैकी एकानेही चकार शब्द काढला नाही.