‘नकली उल्का’ म्हणणाऱ्या ग्राहकास उत्तर

नमस्कार साहेब. एक स्टार देऊन तुम्ही तीन तक्रारी लिहिल्यात: आमच्याकडून नेलेला उल्केचा तुकडा पावसाळ्यात गंजला, त्यावर नेटवर दिसतात तशा तिरक्या रेघा नाहीत, आणि अंबडकडच्या शेतात सापडलेला तुमचा चुंबकाला चिकटणारा दगड आम्ही घेतला नाही.

गंजाचं आधी. ही लोहउल्का आहे, म्हणजे मुळात लोखंडच. सोबत सहा टक्क्यांच्या आसपास निकेल असलं म्हणून त्याचं स्टेनलेस स्टील होत नाही. तुम्हीच टाकलेल्या फोटोत त्यावर हळदकुंकू आहे, खाली ताम्हणात अभिषेकाचं पाणी आहे. श्रद्धेला आमची काही हरकत नाही, लोखंडाची आहे. कोरडं पुसून मशीनच्या तेलाचा हात फिरवा आणि डबीत सिलिका जेलची पुडी टाका, हे बिलामागे छापलेलंच आहे.

आता रेघा. तुमचा तुकडा सिखोटे-अलिनचा, १२ फेब्रुवारी १९४७ ला रशियाच्या अतिपूर्वेला पडलेला. सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी एखाद्या लघुग्रहाच्या पोटात वितळलेलं लोखंड लाखो वर्षं सावकाश निवत गेलं, त्यात लोह-निकेलचे दोन प्रकारचे स्फटिक वाढले. रेघा म्हणजे हे स्फटिक. कोणत्याही भट्टीत त्या करता येत नाहीत. पण तुकडा कापून, घासून, आम्ल लावल्याशिवाय त्या दिसत नाहीत, आणि सिखोटे-अलिनमधले पट्टे साधारण ९ मिलिमीटर रुंद. अंगठ्याएवढ्या तुकड्यात किती मावणार? त्यापेक्षा त्याच्या कडा बघा, फाटलेल्या, मुरगळलेल्या. हवेतच फुटल्याची ती खूण आहे. बारीक रेघाच हव्या असतील तर नामिबियाच्या गिबिऑनची चकती घ्या. महाग पडेल, आणि पाणी घातलं तर तीही गंजेल.

दगडाचं म्हणाल तर आपल्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे चुंबक थोडा ओढतोच. तुमच्यासमोरच कोपऱ्यावर कानस मारली होती. आतून करडी भुकटी निघाली, उल्केत दिसतो तसा चकाकता धातू नाही. ‘लोणार जवळ आहे’ हे कारण चालत नाही. तिथे १.८ किलोमीटरचं विवर आहे, पण हातात धरता येईल असा उल्केचा तुकडा तिथेही मिळालेला नाही.

तरी शंका असेल तर तुकडा घेऊन या. निकेलची रासायनिक चाचणी तुमच्यासमोर करू. चाचणीचं द्रावण लावून तुकड्यावर घासलेला कापूस निकेलमुळे गुलाबी होतो; तो झाला नाही तर पूर्ण पैसे परत. येताना बिल आणा, आणि तुकडा धुऊन आणू नका.