नऊ खिडक्या आणि एक मिक्सर

आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते. गल्लीतल्या पोराटोरांनाही हे पाठ आहे, तरी दर गुरुवारी मी गाफील सापडतो.

घरातल्या खिडक्या डासांपायी सहाला बंद होतात. माझ्या टर्मिनलातल्या, म्हणजे कमांड टाइप करायच्या पडद्यावरच्या, नऊ मात्र महिनोन् महिने उघड्या. हा संसार टीमक्स नावाचा प्रोग्रॅम सांभाळतो. टर्मिनल चुकून बंद झालं, दूरच्या सर्व्हरशी संपर्क तुटला, तरी आतली कामं चालूच. परत येऊन 'अटॅच' म्हटलं की सगळं जागच्या जागी. स्क्रीन नावाचा प्रोग्रॅम हेच काम १९८७ पासून करतोय, टीमक्स २००७ चा. पण दोघांचाही जीव मेमरीत. वीज गेली की ताट-वाटीसकट संसार गुल.

म्हणून मी टीमक्सला रिझरेक्ट नावाचं प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, घातलं. कंट्रोल-बी, मग कंट्रोल-एस; सगळी मांडामांड एका साध्या फाइलीत. घाईत मी पहिलंच बटण गिळायचो. नुसतं कंट्रोल-एस म्हणजे टर्मिनलला 'थांब' अशी टेलिटाइपच्या काळापासूनची खूण. ते बिचारं थांबायचं. मला वाटायचं, हँग झालं. मग मी मशीनच रीस्टार्ट करायचो. म्हणजे जे वाचवायला बसलो, ते स्वहस्ते बुडवून उठायचो. असं तीनदा झाल्यावर कळलं, कंट्रोल-क्यू दाबलं असतं तरी भागलं असतं.

मग कंटिन्यूअम नावाचं त्याचं जोडीदार प्लगइन आणलं. ते दर १५ मिनिटांनी आपणहून जतन करतं. आता येऊ दे गुरुवार!

आला. चार तास चाललेली स्क्रिप्ट (ओळीने कमांड चालवणारी फाइल) शेवटच्या टप्प्यावर होती, आणि पंखा मंदावला.

"काय रे, काय गेलं?" आई आतून.

"चार तासांचं काम."

"माझंही वाटण अर्धंच राहिलंय. लाईट आली की पुढे वाटीन."

लाईट आली. मिक्सर जिथे थांबला होता तिथून सुरू झाला. मी कंट्रोल-बी, कंट्रोल-आर दाबलं (या वेळी दोन्ही). नऊच्या नऊ खिडक्या आल्या, प्रत्येक आपापल्या फोल्डरात. स्क्रिप्टच्या खिडकीत नुसता प्रॉम्प्ट, पुढच्या कमांडची वाट बघत, लुकलुकत होता. रिझरेक्ट न सांगता फक्त व्हिम, लेस, टॉप, मॅन अशा मोजक्याच प्रोग्रॅम-मंडळींना पुन्हा उठवतं. आणि यादीत घातली असती तरी स्क्रिप्ट पहिल्यापासूनच धावली असती.

सातव्या खिडकीत मात्र टीमक्सचं मॅन पेज, म्हणजे माहितीपुस्तिका, इमानेइतबारे उघडलं होतं. गेले आठ महिने ते असंच परत येतंय, दर वेळी पहिल्या पानावर.