झूम लेन्स सूर्यासमोर धरू नका: त्या व्हायरल ‘सात टेस्ट’बद्दल

‘दुकानदार कधीच सांगणार नाही! नवी झूम लेन्स चांगली की खराब, घरच्या घरी ओळखा’ अशा मथळ्याचा एक मेसेज फोटोग्राफीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जोरात फिरतोय. परवा तो सांगलीहून माझ्या भाचीने मला पाठवला. ती लग्नांचे फोटो काढते. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांसाठी तिने हप्त्यांवर ७०-२०० मिमी एफ २.८ झूम लेन्स घेतली आहे (७० ते २०० मिमी हा तिच्या फोकल लेंग्थचा, म्हणजे झूमचा पल्ला; एफ २.८ हे तिचं सर्वांत मोठं अपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र; एफचा आकडा वाढतो तसं छिद्र लहान होतं). मेसेजखाली तिचा प्रश्न होता: ‘मावशी, माझी लेन्स बहुतेक टेस्टमध्ये नापास झाली. परत करू का?’

ज्यांच्यापर्यंत हा मेसेज पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लेन्स सूर्यासमोर धरून मागच्या बाजूने आत बघा, कण दिसले तर माल जुना. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा, पूर्ण झूम करून सर्वांत मोठ्या अपर्चरला फोटो काढा, तो कॉम्प्युटरवर १०० टक्के झूम करून बघा, चारही कोपरे मध्यभागाइतके शार्प यायला हवेत. एफ २२ ला फोटो सर्वांत शार्प हवा. लेन्स हलवल्यावर खडखड नको. खाली तोंड करून धरल्यावर नळी घसरायला नको. ‘मेड इन जपान’ नसेल तर दुय्यम दर्जा. पट्टी तिरकी ठेवून फोकस तपासा. आणि शेवटी ठळक अक्षरांत: एक जरी टेस्ट नापास झाली तरी ताबडतोब परत करा.

सूर्यापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या चुकांमध्ये वेळ आणि पैसा जाईल, इथे डोळा जाईल. २०० मिमी आणि एफ २.८ म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं तोंड सुमारे ७१ मिलिमीटर व्यासाचं. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरची होते. डोळा एरवी जेवढा प्रकाश आत घेतो त्याच्या शेकडो पट प्रकाश ही लेन्स गोळा करते आणि मागे काही सेंटिमीटरवर एका ठिपक्यात आणून सोडते. मेसेज सांगतो की नेमका त्याच बाजूला डोळा लावा! त्यातला थोडा अंश जरी बाहुलीतून आत गेला तरी रेटिना भाजतो. रेटिनाला वेदना कळत नाही, त्यामुळे भाजताना काहीच जाणवत नाही. नजरेच्या मधोमध डाग दिसायला लागतो तो नंतर, काही तासांनी. तोपर्यंत करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

हे भीती घालण्यासाठी लिहीत नाहीये. २१ ऑगस्ट २०१७ ला अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण झालं. तिथली लेन्सरेंटल्स ही कॅमेरे आणि लेन्स भाड्याने देणारी कंपनी. सोलर फिल्टरशिवाय लेन्स सूर्याकडे रोखू नका, असं त्यांनी गिऱ्हाइकांना आधीच बजावलं होतं. तरीही परत आलेल्या सामानात जळालेली शटर निघाली, फोटो टिपणारे सेन्सर भाजलेले निघाले, लेन्सच्या आतल्या अपर्चरच्या पात्यासुद्धा निकामी झालेल्या निघाल्या. कंपनीने त्यांचे फोटोच प्रसिद्ध केले. यंत्राच्या पात्या जिथे टिकल्या नाहीत, तिथे माणसाचा डोळा लावायला हा मेसेज सांगतोय, आणि तो पुढे पाठवणाऱ्यांत वर्षानुवर्षं फोटोग्राफी शिकवणारे लोक आहेत. त्यांनी ज्या ज्या ग्रुपवर तो टाकला, तिथे जाऊन निदान हा मुद्दा चूक आहे असं लिहावं. एवढी जबाबदारी त्यांच्यावर आहेच.

कण बघायचेच असतील तर मोबाइलचा टॉर्च पुरतो. अपर्चर उघडं ठेवून समोरून तिरका प्रकाश टाका आणि आत बघा. पण काय दिसलं तर घाबरायचं, हेही कळायला हवं. नव्याकोऱ्या लेन्समध्ये दोन-चार बारीक कण असतातच. नळी आतबाहेर करणारी झूम प्रत्येक वेळी हवा आत ओढते आणि हवेबरोबर धूळही. फोटोत ते दिसत नाहीत, कारण त्या भिंगांवर फोकस कधीच नसतो. बुरशीचं जाळं, धुरकट थर, ओरखडा, पात्यांवर तेल किंवा सर्वांत मागच्या भिंगावर चिकटलेला मोठा कण असेल तर मात्र लेन्स परत करा. सेकंडहँड लेन्स घेताना टॉर्च लावलाच पाहिजे हे मला पूर्ण मान्य आहे. मुंबई, कोकण, गोव्यात दोन पावसाळे कपाटात काढलेल्या लेन्समध्ये बुरशी सर्रास निघते. मेसेजमधलं हे अर्धसत्य. पण सीलबंद डब्यातून काढलेल्या लेन्समध्ये एक कण दिसला म्हणून तिला जुना माल ठरवणं चूक आहे.

आता वर्तमानपत्र. भाचीची लेन्स ‘नापास’ झाली ती मुख्यतः इथे, आणि तिने पाठवलेले फोटो बघून मला मेसेज लिहिणाऱ्याचाच राग आला. रात्री, ट्यूबलाइटमध्ये, हातात कॅमेरा धरून, दोन मीटरवरून २०० मिमीला काढलेले फोटो. मेसेजने सांगितलं तसंच तिने केलं होतं.

हिशोब करून बघू. फुलफ्रेम (३६ बाय २४ मिमीचा), २४ मेगापिक्सेलचा सेन्सर म्हणजे एक पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दोन मीटरवरून २०० मिमी, एफ २.८ ला पिक्सेलच्या पातळीवर शार्प दिसणाऱ्या पट्ट्याची पुढे-मागे खोली जेमतेम तीन-चार मिलिमीटर भरते. सेलोटेपने चिकटवलेलं वर्तमानपत्र मधे तेवढं सहज फुगतं. त्याहून मोठी भानगड कॅमेऱ्याच्या कोनाची. या अंतरावर फ्रेमची रुंदी सुमारे एक फूट. कॅमेरा भिंतीला समांतर नसून फक्त एका अंशाने वळलेला असला, तरी फ्रेमची डावी कड आणि उजवी कड यांच्या अंतरात पाच-सहा मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे दोन्ही कडा एकाच वेळी शार्प येणं शक्यच नाही, लेन्स कितीही चांगली असो. हातात धरलेला कॅमेरा एका अंशाच्या आत समांतर ठेवता येतो, असं कोणी म्हणत असेल तर त्याने करून दाखवावं. शिवाय हाताची थरथर, खोलीतल्या मंद उजेडामुळे खाली आलेला शटर स्पीड, आणि वर्तमानपत्राच्या कागदावर मुळातच पसरलेली शाई. असा फोटो तुमच्या हाताबद्दल, भिंतीबद्दल आणि कागदाबद्दल बरंच काही सांगतो. लेन्सबद्दल काहीच सांगत नाही.

आणि ‘१०० टक्के झूम करून बघा’ म्हणजे काय, तेही लक्षात घ्या. ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो साध्या २४ इंची फुल-एचडी मॉनिटरवर १०० टक्क्यांना बघणं म्हणजे सुमारे ६५ इंच रुंदीची प्रिंट हातभर अंतरावरून न्याहाळणं. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय ३६ चं पान पूर्ण उघडलं तरी ३६ इंचच असतं.

चारही कोपरे मध्यभागाइतके शार्प, हा आग्रह तर कुठल्याच झूमला पेलणारा नाही. ज्या लेन्सरेंटल्सचा उल्लेख वर केला, तिचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी वर्षानुवर्षं एकाच मॉडेलच्या अनेक लेन्स ऑप्टिकल बेंचवर (लेन्स मोजण्याच्या यंत्रावर) तपासून निकाल मांडले आहेत. या विषयात एकाच माणसाचं वाचायचं असेल तर त्यांचं वाचा. त्यांच्या मोजमापांतून वारंवार दिसतं ते असं: एकाच मॉडेलच्या दोन लेन्स कधीही तंतोतंत सारख्या नसतात; फिक्स्ड (झूम न होणाऱ्या) लेन्सपेक्षा झूममध्ये हा फरक जास्त असतो; आणि रुंद टोकाला उत्तम असलेली झूम लांब टोकालाही उत्तम असेलच असं नाही. कॅननच्या २४-७० एफ २.८ एल च्या दुसऱ्या आवृत्तीत १८ भिंगं १३ गटांत बसवलेली आहेत आणि झूम फिरवला की त्यांतले गट आपापल्या वेगाने सरकतात. एखादं भिंग किंचित कललेलं असणं हे इथे गृहीतच आहे. प्रश्न एवढाच की ते कलणं फोटोत जाणवण्याइतकं आहे का.

‘कोपरे तपासा’ एवढं म्हणणं बरोबर आहे, ते नाइलाजाने का होईना मान्य करते. डिसेंटर झालेल्या, म्हणजे आतलं भिंग सरकलेल्या किंवा कललेल्या, लेन्स खरंच विकल्या जातात. मग नीट तपासा. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा, दोन सेकंदांचा टायमर लावा, यूव्ही फिल्टर काढा. वर्तमानपत्राऐवजी सपाट विटांची भिंत किंवा बोर्डावर ताणून चिकटवलेला छापील चार्ट घ्या. अंतर फोकल लेंग्थच्या निदान ५० पट ठेवा, म्हणजे २०० मिमीला दहा मीटर. घरात जमणार नाही, गच्चीवर किंवा शाळेच्या मैदानावर जमेल. समांतर करण्यासाठी भिंतीवर मधोमध छोटा आरसा सपाट टेकवा आणि आपल्याच लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत ट्रायपॉड हलवा. झूमची सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तिन्ही ठिकाणी, पूर्ण उघड्या अपर्चरला आणि एफ ५.६ किंवा ८ ला फोटो काढा.

एखादा कोपरा मऊ दिसला की लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर बघत) त्याच कोपऱ्यावर फोकस करून पुन्हा फोटो काढा. चारही कोपरे आपापल्या फोकसला सारखेच चांगले येत असतील, तर लेन्स ज्या पातळीवर फोकस करते ती थोडी वाकलेली आहे एवढंच. ती रचनेची गोष्ट आहे, दोष नव्हे. एक कोपरा स्वतःवर फोकस करूनही समोरच्या कोपऱ्यापेक्षा ठळकपणे वाईट राहिला तर संशय घ्या. मग कॅमेरा उलटा, डोकं खाली करून बसवा, आरशाने पुन्हा समांतर करा आणि तोच फोटो घ्या. मऊपणा भिंतीच्या त्याच जागी राहिला तर चूक मांडणीची. कॅमेऱ्याबरोबर फिरून भिंतीच्या दुसऱ्या जागी गेला तर मांडणी निर्दोष आणि दोष लेन्सकडे. त्याच कॅमेऱ्यावर दुसरी चांगली लेन्स लावूनही बघा, म्हणजे माउंटचा (लेन्स बसते त्या कड्याचा) प्रश्न सुटतो. संपूर्ण मेसेजमध्ये हा उलटा फोटो नाही, आणि तोच नसेल तर बाकी काही तपासून उपयोग नाही.

दूरच्या इमारतींवर तपासायचं असेल तर सकाळी लवकर. एप्रिलच्या दुपारी नागपुरात काय किंवा सांगलीत काय, तापलेल्या पत्र्यांवरची हवा इतकी हलते की जगातली सर्वांत महाग टेली लेन्सही मऊच दिसेल.

एफ २२ ची टेस्ट उलटी आहे. अपर्चर जितकं लहान, तितका विवर्तनामुळे (छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) प्रकाशाचा ठिपका मोठा. हिरव्या प्रकाशात एफ ८ ला तो सुमारे ११ मायक्रॉनचा असतो, एफ २२ ला जवळजवळ ३० चा. ६ मायक्रॉनच्या पिक्सेलवर ३० चा ठिपका पडला की प्रत्येक लेन्स मऊ होणार, आणि ते सगळ्यांत आधी जाणवेल चांगल्या लेन्सवर. पुढे-मागे जास्त भाग फोकसमध्ये येतो म्हणजे शार्पपणा जास्त मिळतो, हा गोंधळ यामागे आहे.

खडखड: स्टॅबिलायझेशनचा गट आणि लिनिअर मोटरवरचा फोकसचा गट कॅमेरा बंद असताना मोकळा असतो, म्हणून हलवल्यावर टकटक ऐकू येते. फुजीफिल्मच्या ५०-१४० एफ २.८ मध्ये ती सगळ्यांनाच ऐकू येते. कॅमेरा चालू केल्यावरही आवाज आला तर सर्व्हिस सेंटर गाठा. नळी घसरणं: लांब पल्ल्याच्या झूमचा हा स्वभावच आहे, निकॉनने १८-२०० च्या २००९ च्या आवृत्तीत त्यासाठीच लॉकचं बटण दिलं. मेड इन जपान: निकॉनचा थायलंडमधला अयुथया इथला कारखाना २०११ च्या पुरात बुडाला तेव्हा जगभर माल अडला, इतकं उत्पादन जपानबाहेर होत आलंय. तिरकी पट्टी: फोकस पॉइंट पडद्यावरच्या चौकोनापेक्षा मोठा असू शकतो, त्यामुळे तिरक्या पट्टीवर कॅमेरा कुठली रेघ पकडतोय ते कळत नाही. सपाट लक्ष्य समोर ठेवून पट्टी शेजारी हवी. शिवाय भाचीचा कॅमेरा मिररलेस (आत आरसा नसलेला) आहे, तो सेन्सरवरच फोकस करतो. पुढे-मागे फोकस पडण्याचा डीएसएलआरचा (आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचा) जुना प्रश्न तिथे बहुतांशी उरतच नाही.

उलट जे तपासायला हवं ते मेसेजमध्ये नाही. २००५ मध्ये कॅननची २४-१०५ एफ ४ एल बाजारात आली आणि सुरुवातीच्या काही लेन्समध्ये, २४ मिमीच्या आसपास, फ्रेमच्या कडेला तेजस्वी दिवा असला की विचित्र फ्लेअर (फोटोवर पसरणारी चकाकी) येऊ लागला. कॅननने ते मान्य करून त्या मोफत दुरुस्त करून दिल्या. वर्तमानपत्राच्या हजार फोटोंमध्येही हा दोष सापडला नसता. लग्नात तर मंडपाचे दिवे सतत फ्रेमच्या कडेलाच असतात. म्हणून नवी लेन्स घेऊन संध्याकाळी बाहेर पडा, रस्त्यावरचे दिवे कोपऱ्यात ठेवून प्रत्येक फोकल लेंग्थला फोटो काढा, सतत ऑटोफोकस चालू ठेवून चालत येणारी माणसं टिपा, झूमची आणि फोकसची रिंग टोकापासून टोकापर्यंत कुठे अडकते का ते बघा.

भाचीला मी हेच लिहून पाठवलं, आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत नीट टेस्ट करायला सांगितलं. दोष निघालाच तर सरळ आणि उलटा असे दोन्ही फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) जपून ठेवायचे, प्रत्येकाचं अंतर, फोकल लेंग्थ आणि अपर्चर लिहायचं, आणि लेन्सचा सीरियल नंबर, बिल व वॉरंटी कार्डासह ते दुकानात न्यायचं. व्हॉट्सॲपचा मेसेज दाखवून कोणी लेन्स बदलून देत नाही. हे दोन फोटो समोर ठेवले की ‘तुमच्या हाताचा दोष आहे’ असं कोणाला म्हणता येत नाही.