हवा मारून मिळेल

माझ्या पंपानं साध्या सायकलीत हवा मारता येत नाही, ही बातमी आता आमच्या अपार्टमेंटच्या चारही मजल्यांवर पोचलेली आहे. पोचवली तिसऱ्या मजल्यावरच्या आप्पांनी. त्यांच्या सांगण्यात पंपाची किंमत मजल्यागणिक वाढत गेली असावी, कारण तळमजल्यावरच्या काकूंनी काल मला जिन्यात थांबवून विचारलं, "पन्नास हजाराचा घेतलासा म्हणं?"

साडेनऊ हजाराचा आहे. ज्या हवेच्या रायफलीसाठी तो घेतला, ती अडतीस हजाराची. पण जिन्यात कुणाला पावती दाखवत बसायचं?

पार्श्वभूमी झटक्यात उरकतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये नेमबाजीत ऑलिंपिकचं कांस्यपदक घेतलं, आणि कोल्हापुरातल्या पोरांना एक डोळा मिटून जगाकडं बघायची सवय लागली. त्यात आमची लेक. स्वप्निलची ती ५० मीटरची स्पर्धा पॉइंट टू-टू बोअरच्या काडतुसाच्या रायफलीची, हवेच्या रायफलीची नव्हेच, हा मुद्दा मी घरात दोनदा मांडून पाहिला. सुरुवात सगळे १० मीटर हवेच्या रायफलीवरच करतात, असं उत्तर तयार होतं. तिचे नेमबाजीचे सर म्हणाले, नळी दुमडून स्प्रिंग दाबायची रायफल झटका देते, घ्यायची तर पीसीपी घ्या, म्हणजे सिलिंडरात आधीच हवा भरून ठेवलेली. चांगल्या जर्मन रायफलीची किंमत ऐकून मी परत विचारलं, कारण मला वाटलं सरांच्या तोंडून एक शून्य जादा गेलं. गेलं नव्हतं. मग देशी बनावटीची 'परवडणारी' शोधली. परवडणारी म्हणजे घेताना परवडणारी. पुढचं कुणी सांगत नाही.

परवान्याचंही इथंच सांगून टाकतो. साडेचार मिलिमीटरची नळी आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. हे मी आजवर अपार्टमेंटमधल्या अकरा जणांना उभ्या उभ्या समजावलं. अकराही जणांनी मान डोलावली आणि शेवटी विचारलं, "पण लायसन काढलंय न्हवं?"

तर मागचा एक रविवार. सकाळचे साडेसात, एप्रिलचं ऊन, आणि मी गच्चीवर घामानं निथळत पंप मारतोय. आप्पा सांडगे राखायला वर आले होते. प्लॅस्टिकची खुर्ची, काठी, मांडीवर पेपर. पंधरा-वीस दणके त्यांनी मुकाट बघितले. मग चष्मा कपाळावर सारून म्हणाले,

"सायकल कुटं हाय?"

"सायकल नाही आप्पा. रायफल आहे."

"रायफलीला हवा?"

"हवेवरच चालते ती."

"मग गच्चीवर वारं काय कमी हाय व्हय?"

याला उत्तर नसतं. मी पंप मारत राहिलो. आप्पा खुर्चीसकट जवळ सरकले. एस्टीच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं काढलेला माणूस, समोर काहीतरी यंत्र हलतंय म्हटल्यावर सांडग्यांकडं लक्ष कसलं राहतंय.

"किती मारायची?"

"दोनशे बार." बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप.

आप्पांनी पेपरची घडी घातली. "एस्टीच्या ब्रेकला हवा किती असती म्हाईत हाय? सात-आठ बार. तेवढ्यावर पन्नास माणसं, त्यांची बोचकी, दोन कोंबड्या आणि फोंडा घाट. थांबती गाडी. तुमी दोनशे बारवर काय थांबिवणार हाय?"

"कागदाला भोक पाडायचंय, आप्पा."

ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. त्या बघण्यात तुच्छता नव्हती, काळजी होती. तेच जास्त लागलं. मग मी चूक केली. समजावायला गेलो. म्हटलं, दहा मीटरवर तो कागद असतो, मधोमध एक टिंब, अर्ध्या मिलिमीटरचं. त्याला लागलं तर दहा गुण.

"आणि छर्रा केवढा?"

"साडेचार मिलिमीटर."

"म्हंजे टिंबाच्या नऊपट छर्रा." हिशेब तोंडपाठ. "मग भोक पडल्यावर टिंब ऱ्हातंय कुटं दिसायला?"

"राहत नाही."

"मग लागलं का न्हाई हे कसं कळतंय?"

"टिंब गेलं म्हणजे लागलं."

आप्पांनी हे दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं आणि काठीनं कठड्याकडं दाखवलं. "त्यापरास त्यो कावळा टिपा की. एक टिपून टांगला की बाकीचे सांडग्याला शिवत न्हाईत. माझ्या आज्यानं केलेलं हाय." पक्षी मारायचे नसतात, गुन्हा आहे, लेक घरात घेणार नाही, असं सगळं मी सांगितलं. आप्पा म्हणाले, "मग अडतीस हजार कशाला घातलासा?" रायफल घेतल्यापासून मला हा प्रश्न कबुतरं, माकडं, उंदीर आणि एकदा तर समोरच्या लग्नाच्या हॉलचा डीजे यांच्या संदर्भात विचारला गेला आहे. डीजेबद्दल मी थोडा विचारही केला होता.

दोनशे बार म्हणजे काय, हे आकड्यात सांगूनही आप्पांना पटेना, म्हणून स्कूटरवर आलो. स्कूटरच्या मागच्या चाकात आपण २९ पीएसआय हवा मारतो. माझ्या रायफलीच्या मनगटाएवढ्या सिलिंडरात २९०० लागते, म्हणजेच ते दोनशे बार. बरोबर शंभरपट. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर दहा बारच्या पुढं दम टाकतो. त्याला मी घेतल्या घेतल्याच विचारलं होतं, तर त्यानं मला चहा पाजून घरी पाठवलं होतं. म्हणून हा हातपंप. तीन टप्प्यांचा, उभा, खाली दोन पाय ठेवायच्या पट्ट्या. शंभर बारपर्यंत तो माणसासारखा वागतो. पुढं दट्ट्या खाली जायला नकार देतो. दर चाळीस दणक्यांनी थांबायचं, पंप तापलेला असतो. बुडाचा स्क्रू सैल करायचा, आतली दमट हवा सुस्कारा टाकून बाहेर पडते. माझाही पडतो.

दीडशेवर मी थांबलो. आप्पा उठले, पंपाला हात लावून बघितला आणि निदान केलं. "वायसर कोरडं पडलंय. खोबरेल सोडा दोन थेंब." मी नको म्हणेपर्यंत त्यांनी जिन्यातून खाली हाक मारली आणि नातू निळी बाटली घेऊन वर आलासुद्धा.

इथं मी अक्षरशः पंपाला मिठी मारली. "आप्पा, तेल नाही! सिलिकॉन ग्रीसच चालतं. एवढ्या दाबाखाली हवेत तेल गेलं की आपोआप पेट घेतंय!"

"ठिणगीबिगर?"

"ठिणगीशिवाय."

आप्पांचा चेहरा उजळला. आख्ख्या सकाळीत पहिल्यांदा मी त्यांच्या भाषेत काहीतरी बोललो होतो. "म्हंजे डिझेल इंजन! आवो मग पयलं सांगायचं न्हाई व्हय?" आणि पुढची वीस मिनिटं त्यांनी मला डिझेल इंजिन सांगितलं. सक्शन, कॉम्प्रेशन, नोझल, सगळं. काठीनं गच्चीवरच्या धुळीत आकृती काढली. दरम्यान कावळ्यांनी सांडग्याची एक रांग साफ केली. त्याचं खापर संध्याकाळी माझ्यावर फुटलं.

इंजिन संपल्यावर आप्पा म्हणाले, "सरका." माझं वजन अठ्ठावन्न किलो आहे. एकशेसाठच्या पुढं मी दांड्यावर जवळजवळ लोंबकळतो. आप्पा ब्याण्णव किलो. त्यांनी दांडा धरला आणि नुसते वाकले. दट्ट्या लोण्यातून सुरी जावी तसा खाली. तीस-पस्तीस दणके, मधे एकदा थांबून तंबाखू. काटा दोनशेवर. "झालं?" म्हणाले, आणि मी दीड महिना जे काम करून कंबर धरत होतो, ते त्यांनी बनियनवर उरकलं. आमची लेक वर आली होती. ती म्हणाली, "बाबा, रोज आप्पांनाच सांगा ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा एकशेसाठवर. गळती.

साबणाचं पाणी करून ब्रशनं सांध्या-सांध्यावर लावलं. काट्याच्या मुळाशी एक बुडबुडा हळूच फुगला. मोहरीएवढा, मग ज्वारीएवढा, मग फुटला, परत नवा. इतका शांतपणे, की मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो. उघडायचं तर आधी सिलिंडर पूर्ण रिकामं करायचं, त्याशिवाय पाना लावायचा नाही, हा नियम. रविवारचा माझा घाम, आप्पांचं वजन आणि डिझेल इंजिन, सगळं काही सेकंदांत फुस्स.

आतली ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, एका बाजूनं चिरलेली. ती खिशात घालून उद्यमनगरात गेलो. 'एअर रायफल' म्हटलं की गर्दी जमते, हे शिकलो असल्यामुळं 'पंपाची आहे' म्हणालो. दुकानदारानं ती बोटावर चढवली, ताणली, मागच्या खोक्यातून दुसरी काढली. चार रुपये. मी खूश. तीन दिवसांत तीही फुगून बाहेर आली. परत गेलो, तेव्हा त्यानं विचारलं, "प्रेशर किती हाय?" आकडा सांगितल्यावर तो हसला नाही, उलट रागावला. "आवो ही सत्तर शोअरची. एवढ्याला नव्वदची कडक लागती. पंप म्हणालासा, आमाला वाटलं विहिरीवरचा." शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप, हे तेव्हा कळलं. आठ रुपये. दोन फेऱ्यांचं पेट्रोल वेगळं. आता माझ्याकडं नव्वद शोअरच्या दहा ओ-रिंग शाम्पूच्या रिकाम्या डबीत आहेत, आणि घरात कुणी ती डबी हलवली की मी ओरडतो.

खरं तर ही रिंग बदलणं माझं काम नव्हतंच. वॉरंटी आहे. कंपनीत फोन लावला तर पलीकडून गोड आवाजात, "सर, कुरिअर करून द्या ना." कुरिअरवाला म्हणाला, बंदूक घेत नाही. मी म्हटलं, परवाना लागत नाही अशी आहे. तो म्हणाला, सिलिंडर घेत नाही. मी म्हटलं, रिकामं आहे. तो म्हणाला, "मग पाठवताय कशाला?" कंपनीला परत फोन. "सर, कस्टमर स्वतः आणून देतात." कोल्हापुराहून. नोकरीतली सुट्टी काढून, अडतीस हजाराच्या वस्तूच्या आठ रुपयाच्या रिंगेसाठी.

आणि ज्या क्लबात लेक जाते, तिथं कॉम्प्रेसर आहे. आहे म्हणजे कोपऱ्यात आहे. दिवाळीपासून बंद, वर कुणीतरी मॅट वाळत घातलेली. फीच्या पावतीवर मात्र 'हवा शुल्क' अजून छापून येतं. मी विचारलं तर म्हणाले, पार्ट यायचाय. दोन-चार पोरं स्वतःचं मोठं सिलिंडर गाडीच्या डिकीतून आणतात, नळी जोडतात, अर्ध्या मिनिटात भरून मोकळी. त्यांचे आईबाप एसीत बसलेले. माझी लेक तेव्हा भिंतीकडं तोंड करून रिकाम्या रायफलीनं नुसता नेम धरायचा सराव करत असते. पदक आलं की त्याच क्लबाच्या दारात फ्लेक्स लागेल. त्यावर कॉम्प्रेसरचा पार्ट अडवलेल्यांचे फोटो पहिल्या रांगेत असतील. असो. कंबर दुखते तेव्हा मी जरा कडू बोलतो.

त्याच कंबरेनं रात्री झोप येईना म्हणून वाचत पडलो, तर कळलं की हे सगळं जुनंच आहे. ऑस्ट्रियाच्या फौजेकडं १७८० च्या सुमाराला जिरार्डोनी नावाच्या कारागिराची हवेची रायफल होती. हवेचा साठा तिच्या दस्त्यातच. तो भरायला साधारण दीड हजार दणके. दीड हजार! वर चामड्याची वायसरं, ती ओली ठेवली नाहीत तर हवा गळायची. शेवटी फौजेनं तिचा नाद सोडला. अंधारात पडल्या पडल्या मला तो सैनिक दिसला, छावणीच्या मागं, पंपावर वाकलेला. आणि त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेला त्यांचा कुणीतरी आप्पा. "घोडं कुटं हाय?"

तर सायकल. नव्वदवाली रिंग टिकली, काटा हलेना, आणि मी जरा छाती काढून गच्चीवर उभा होतो, तेव्हा आप्पा नातवाची सायकल घेऊन वर आले. तीन मजले. लिफ्ट बंद होती. "चालूच हाय तर दोन दणके मारा." मी सांगितलं, याचं तोंड वेगळं असतं, रायफलीच्या कनेक्टरचं, सायकलीच्या वॉल्व्हला बसत नाही. शिवाय बसलं असतं तर ट्यूब उडाली असती. आप्पांनी तोंड वॉल्व्हला लावून बघितलं. फिरवून बघितलं. नातवाकडं बघितलं. "बघ बाळा. दोनशे बारचा पंप, आणि सायकल भरत न्हाई." पोरगं हसलं. ते सायकल घेऊन तीन मजले खाली गेले आणि प्रत्येक मजल्यावर थांबले.

मी ठरवलं, यापुढं आप्पांना पंपाजवळ फिरकू द्यायचं नाही.

परवा शनिवारी लेकीची जिल्ह्याची स्पर्धा आहे. साठ गोळ्या, शिवाय सरावाच्या वेगळ्या. आज सकाळपासून गच्चीवर आहे. काटा एकशेपासष्टवर अडलाय, दांड्यावर लोंबकळून झालं. मघाशी दुसऱ्या कामाचं निमित्त काढून तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. काकू म्हणाल्या, आप्पा गारगोटीला लेकीकडं गेलेत, आठ दिवस येत नाहीत. आणि तेवढ्यात आत वळून त्यांनी नातवाला हाक मारली, "बाळा, पंपवाले काका आलेत बघ."