गेट नाही, म्हणून परवाना नको?

उन्हाळा आला की सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘लेक टाहोजवळच्या डेसोलेशन वाइल्डरनेसला गेट नाही, तिकीट नाही. नॅशनल पार्कचा पास पुरतो. खाणं झाडाला टांगा, रात्री शेकोटी पेटवा!’

गेट नाही, एवढंच खरं.

हे नॅशनल पार्कच नाही. जमीन फॉरेस्ट सर्व्हिसची, म्हणजे अमेरिकेच्या वनखात्याची, संरक्षण 1964 च्या वाइल्डरनेस कायद्याचं. म्हणूनच आत रस्ता नाही, सायकलसुद्धा चालत नाही. पार्कचा पास इथल्या परवान्याची जागा घेत नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणार असाल तरी परवाना लागतोच. उन्हाळ्यात तो बहुतेक ट्रेलच्या तोंडाशी स्वतः भरून घेता येतो, फुकट. मुक्कामाचं गणित वेगळं. मेमोरियल डेच्या (मेअखेरच्या) सुमारापासून 30 सप्टेंबरपर्यंत कोटा असतो आणि पहिली रात्र ज्या झोनमध्ये, म्हणजे ज्या भागात, काढणार त्यावर तो ठरतो. लेक अलोहा या तळ्याचा झोन भरला म्हणून बेत रद्द करणारे बरेच भेटतात. अहो, शेजारच्या झोनचा परवाना काढा, पहिली रात्र तिथे घालवा, दुसऱ्या रात्री खुशाल अलोहाला तंबू ठोका. हे नियमातच बसतं.

शेकोटी बारा महिने बंद. दगडांचं रिंगण केलं, शेजारी पाण्याची बादली ठेवली, तरीही. 2021 च्या कॅल्डोर वणव्यात साउथ लेक टाहो अख्खं रिकामं करावं लागलं होतं, हे तिथे राहणाऱ्यांना सांगावं लागत नाही. गॅसच्या स्टोव्हवर चहा होतो, पण त्यालाही कॅलिफोर्नियाचा ‘कॅम्पफायर’ परवाना लागतो. ऑनलाइन, फुकट. शेकोटीला बंदी आणि स्टोव्हला शेकोटीचा परवाना. सरकारी नावं कुठलीही असोत, तऱ्हा तीच.

राहिली टांगलेली पिशवी. टाहोची काळी अस्वलं त्या दोरीला कधीच सरावली आहेत. 2022 पासून मुक्कामाला अस्वलरोधक डबा सक्तीचा आहे. टूथपेस्ट आणि सनस्क्रीनही त्यातच, कारण अस्वलाला वास कळतो, लेबल नाही. आपल्याकडची खरी अडचण म्हणजे चिवडा: अर्धा डबा पुड्यातली हवाच खाते. पुड्याला टाचणीने भोक पाडून हवा काढा आणि टेप लावा. लाडू मात्र निमूट बसतात.