‘ज्येष्ठांनी 30 टक्के को-पे घ्यावाच’? आधी बिल कसं बनतं ते बघा

आरोग्यविम्यावरचा एक लांबलचक मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं सार असं: विमा पूर्ण असला की लोक विनाकारण ॲडमिट होतात. खिशातून थोडे पैसे गेले की अक्कल येते. अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगाने सिद्ध केलंय की त्याने खर्च घटतो आणि तब्येत बिघडत नाही. म्हणून ज्येष्ठांनी रिन्यूअलला 30 टक्के को-पे (म्हणजे मंजूर क्लेममधला आपण स्वतः भरायचा वाटा) घ्यावा आणि प्रीमियम वाचवावा. आमच्या मामांनी तो वाचून फॉर्मवर 30 टक्क्यांसमोर खूणही करून टाकली, म्हणून हे लिहिणं आलं.

पहिला मुद्दा, ‘फुकट म्हणून लोक डॉक्टरकडे धावतात’. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसींत ओपीडी नसतेच. डॉक्टरची फी, रक्ततपासणी, रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या हे सगळं आजही आपणच भरतो, म्हणजे तिथे को-पे आधीच 100 टक्के आहे. निव्वळ तपासण्यांसाठी ॲडमिट झालात तर तो क्लेम मुळात नाकारला जातो. तसं कलमच आहे. उरतात ती ऑपरेशनं आणि गंभीर आजारपणं, आणि ॲडमिट कधी व्हायचं हे तिथे पेशंट ठरवत नाही. एवढं मान्य करावं लागेल की विमा आहे म्हणून वरची खोली, महागडी लेन्स असं होतं. पण बिल फुगवण्यात पेशंटपेक्षा इतरांचा हात मोठा असतो, आणि को-पेचा टक्का त्यांच्या खिशातून जात नाही.

आता त्या प्रयोगाबद्दल. मेसेज लिहिणाऱ्याने तो वाचला असता तर त्याचं नावही घेतलं नसतं. 1974 ते 1982 या काळात रँड या संस्थेने जोसेफ न्यूहाउस यांच्या नेतृत्वाखाली तो केला. अमेरिकेतल्या सहा ठिकाणची दोन हजारांवर कुटुंबं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वेगवेगळ्या योजनांत वाटली. कुणाला उपचार मोफत, तर कुणाला खर्चाचा 25, 50 किंवा 95 टक्के वाटा. 95 टक्केवाल्यांचा खर्च मोफतवाल्यांपेक्षा साधारण 30 टक्क्यांनी कमी निघाला. मेसेजने एवढंच उचललं, पुढचं सोडून दिलं.

खर्च कमी झाला तो लोक डॉक्टरकडे जायचेच टळले म्हणून. एकदा उपचार सुरू झाल्यावर त्या आजारपणाचा खर्च को-पेमुळे फारसा बदलला नाही. आणि टाळताना लोकांनी गरजेचे आणि बिनगरजेचे उपचार जवळपास सारख्याच प्रमाणात टाळले. सरासरी माणसाच्या तब्येतीत फरक दिसला नाही हे खरं. पण जे गरीब होते आणि ज्यांना आधीच रक्तदाब होता, त्यांचा रक्तदाब मोफत योजनेत जास्त आटोक्यात राहिला आणि मृत्यूचा अंदाजित धोका सुमारे 10 टक्क्यांनी कमी झाला.

त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी. एक, 62 आणि त्यावरच्या लोकांना त्या प्रयोगात घेतलंच नव्हतं. ज्यांच्यावर प्रयोगच झाला नाही, त्यांना त्याचा हवाला देऊन सल्ला द्यायचा म्हणजे कमाल आहे. दुसरी, तिथे वर्षाला खिशातून किती जाईल याला छत होतं: उत्पन्नाच्या 5, 10 किंवा 15 टक्के, आणि कितीही झालं तरी 1000 डॉलर. शिवाय भाग घेतल्याने कुणाचं नुकसान होऊ नये म्हणून कुटुंबांना वर पैसे दिले जात. आपल्या को-पेला सहसा छत नसतं. बिल जितकं मोठं, तितका आपला वाटा मोठा.

आणि तो वाटा ‘फक्त 30 टक्के’ राहत नाही. सम इन्शुअर्ड, म्हणजे विम्याची एकूण रक्कम, 5 लाख, खोलीभाड्याची मर्यादा 1 टक्का, म्हणजे रोज 5,000 असं धरा. खोली मिळाली 8,000 ची. एकूण बिल 2,95,000. त्यात खोली, नर्सिंग, डॉक्टर, ऑपरेशन थिएटर मिळून 1,60,000. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या 1,20,000. विम्यात न बसणाऱ्या किरकोळ वस्तू 15,000. खोली मर्यादेबाहेरची असल्याने 1,60,000 मधले पाच अष्टमांश, म्हणजे 1,00,000 च धरले जातात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लावता येत नाही. 2020 पासून तसा नियम आहे. मंजूर झाले 2,20,000. त्यावर 30 टक्के को-पे 66,000. कंपनी देणार 1,54,000 आणि डिस्चार्जच्या वेळी काउंटरवर तुम्ही भरणार 1,41,000. जवळपास निम्मं. को-पे घेऊन प्रीमियममध्ये वर्षाला 10,000 वाचले असं धरलं, तरी एकट्या को-पेचे 66,000 भरून निघायला साडेसहा वर्षं एकही क्लेम नको. सत्तरीनंतर.

ही रक्कम डोळ्यांसमोर असली की माणूस हर्नियाचं ऑपरेशन ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणतो. हर्निया अडकून आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर रात्रीतून इमर्जन्सी, आतडं कापावं लागतं, मग आयसीयू. को-पे तोच 30 टक्के, पण आता कितीतरी मोठ्या बिलावर.

मेसेजमधले बाकीचे मुद्दे भराभर. ‘कॅशलेसला को-पे लागत नाही’: साफ खोटं, टीपीएच्या (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) अंतिम मंजुरीत तो वजा होऊनच येतो. ‘पुढे काढून टाकू’: अनेक ज्येष्ठ पॉलिसींत तो सक्तीचाच असतो. जिथे ऐच्छिक आहे तिथेही काढायला गेलात की कंपनी तब्येत नव्याने तपासू शकते. मेसेजमधल्या प्रीमियमच्या हिशेबात 18 टक्के जीएसटी धरलाय, पण वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य आहे. म्हणजे मेसेज जुना आहे किंवा आळशी.

‘को-पे आणि डिडक्टिबल एकच’ हेही चूक. डिडक्टिबल म्हणजे आधी आपण भरायची ठरलेली रक्कम, आपला वाटा तिथेच थांबतो. प्रीमियम खरंच झेपत नसेल तर 30 टक्के को-पेपेक्षा 50,000 चा वार्षिक डिडक्टिबल बरा, तेवढी रक्कम एफडीत बाजूला ठेवता येते. सुपर टॉप-अप (डिडक्टिबलच्या वरचा खर्च देणारी जोड-पॉलिसी) घेताना डिडक्टिबल वर्षभराच्या एकूण बिलांवर मोजला जातो, साध्या टॉप-अपमध्ये दर क्लेमला वेगळा. हे एजंटकडून लिहून घ्या. ॲडमिट होताना बिलिंगवाल्याला आपल्या मर्यादेतली खोली मागा, आणि ती रिकामी नसेल तर तसं लेखी घ्या.

70 पूर्ण झालेल्यांना सरकारी योजनेच्या आयुष्मान वय वंदना कार्डावर उत्पन्नाची अट नसताना कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, तेही को-पेशिवाय, आणि खासगी पॉलिसी असली तरी चालतं. आधारच्या ई-केवायसीने कार्ड निघतं. मात्र ते संलग्न रुग्णालयांत आणि ठरलेल्या पॅकेजपुरतंच, त्यामुळे कार्ड हातात आलं म्हणून चालू पॉलिसी बंद करू नका.